वेस्टमोरलंड: आठशे वर्षांचे नाव, पंच्याऐंशी वर्षांचा कारभार

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात वेस्टमोरलंड नावाची एक डोंगराळ काउंटी होती. सुमारे ७९० चौरस मैलांचा मुलूख, त्यात कुरणे, दगडी बांध, तळी आणि मेंढ्या, आणि १९७१ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती जेमतेम ७३ हजार. १ एप्रिल १९७४ रोजी या काउंटीची निवडून आलेली परिषद बरखास्त झाली आणि सारा प्रदेश कम्ब्रिया नावाच्या नव्या, मोठ्या काउंटीत सामील करण्यात आला. १ एप्रिल २०२३ रोजी कम्ब्रियाची परिषदही इतिहासजमा झाली आणि वेस्टमोरलंड हे नाव वेगळ्याच सीमांसह सरकारी कागदांवर परत आले. या घडामोडी सांगताना एका प्राचीन काउंटीचा बळी गेला आणि पुढे तिला अंशतः न्याय मिळाला, असा सूर सहसा लावला जातो. कागदपत्रांचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे. वेस्टमोरलंड हे नाव आणि ही काउंटी खरोखरच जुनी आहेत. परंतु संपूर्ण वेस्टमोरलंडचा, आणि फक्त वेस्टमोरलंडचाच, कारभार लोकांनी निवडलेल्या एका मंडळाने पाहिला, तो काळ फक्त १८८९ ते १९७४ एवढाच होता.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, असे सोयीसाठी सांगितले जाते. आकारमानापुरते ते ठीक आहे, पण आपल्या जिल्ह्याची सारी रचना कलेक्टर या पगारी अधिकाऱ्याभोवती उभी राहिली, आणि इंग्लंडच्या काउंटीत असा अधिकारी कधीच नव्हता. तेथे राजाची कामे स्थानिक जमीनदारांमध्ये वाटून दिलेली असत. शेरीफ राजाचा महसूल गोळा करी, हुकूमनामे बजावी, पंच बोलावी आणि कैद्यांची व्यवस्था पाही. ट्यूडर काळापासून लॉर्ड-लेफ्टनंट या पदाकडे स्थानिक सैन्यदलाची जबाबदारी आली. उरलेला बहुतेक कारभार, म्हणजे पूल, तुरुंग, दारूचे परवाने आणि किरकोळ गुन्ह्यांचे खटले, जस्टिस ऑफ द पीस म्हणवणाऱ्या बिनपगारी दंडाधिकाऱ्यांच्या हाती असे. या तिन्ही पदांवरील माणसे बहुधा त्याच मुलखातील आणि बहुधा एकमेकांच्या नात्यातील असत. (मुंबईचे ‘शेरीफ’ हे मानाचे पद याच इंग्लिश पदाची वसाहतीत रुजलेली फांदी आहे.)

वेस्टमोरलंडची पहिली अडचण भूगोलाची होती. उत्तरेला ईडन नदीचे खोरे आणि त्यातील ॲपलबी, दक्षिणेला केंट नदीचे खोरे आणि त्यातील केंडल, आणि या दोहोंच्या मध्ये शॅपचा उघडा, वादळी, हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा डोंगरपट्टा. नॉर्मन राजवटीत या दोन खोऱ्यांच्या दोन वेगळ्या सरदारक्या होत्या. १०८६ मध्ये राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या डूम्सडे पाहणीत दक्षिणेकडच्या काही भागाची नोंद यॉर्कशायरबरोबर झाली आहे, तर उत्तरेकडचा भाग त्या पाहणीत नाहीच, कारण कार्लाइलपर्यंतचा मुलूख इंग्लंडच्या राजाने त्यानंतर, १०९२ मध्ये जिंकला. दोन्ही सरदारक्या एका काउंटीत आल्या त्या १२२६-२७ च्या सुमारास. आणि हा प्रदेश आपला असल्याचा दावा स्कॉटलंडच्या राजाने १२३७ च्या यॉर्क तहात सोडला. एका काउंटीत आल्यानंतरही दोन्ही भागांचे व्यवहार वेगळेच राहिले. दक्षिण इंग्लंडमधील काउंट्यांचे उपविभाग ‘हंड्रेड’ म्हणून ओळखले जात, तर उत्तर सीमेवरील या काउंट्यांत त्यांना ‘वॉर्ड’ म्हणत आणि त्यांचा संबंध सीमेच्या राखणीशी होता. वेस्टमोरलंडमध्ये ईस्ट आणि वेस्ट हे दोन वॉर्ड उत्तरेच्या सरदारकीत, तर केंडल आणि लॉन्सडेल हे दोन दक्षिणेच्या सरदारकीत होते. दंडाधिकाऱ्यांची तिमाही न्यायसभाही दोन्हीकडे, कधी ॲपलबीला तर कधी केंडलला, भरत असे.

ॲपलबी हे काउंटीचे अधिकृत मुख्य गाव होते, पण १३८८ मध्ये स्कॉटिश फौजेने ते जाळले आणि त्यानंतर ते पूर्वपदावर आलेच नाही. केंडल मात्र लोकरीच्या कापडावर वाढत गेले आणि १५७५ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला नगराची सनद दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी केंडलची वस्ती चौदा हजारांच्या घरात होती, तर ॲपलबीत दोन हजार माणसेही नव्हती. न्यायालय आणि मान एका गावाकडे, पैसा आणि माणसे दुसऱ्या गावाकडे, ही विभागणी शेवटपर्यंत टिकली.

इंग्लंडमध्ये इतरत्र सहसा न आढळणारी एक गोष्ट वेस्टमोरलंडमध्ये होती, ती म्हणजे वंशपरंपरागत शेरीफपद. बहुतेक काउंट्यांत दरवर्षी नवा शेरीफ नेमला जाई, म्हणजे एकाच घराण्याच्या हाती फार सत्ता साचू नये. १२०३ च्या सुमारास जॉन राजाने ॲपलबीची सरदारकी रॉबर्ट द व्ह्यूपाँ याला दिली आणि तिच्याबरोबर शेरीफपदही पिढीजात करून दिले. वतन ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. देशमुखी किंवा पाटिलकी जशी हक्क, मान आणि उत्पन्न यांसह घराण्यात चाले, तशीच ही शेरीफकी चालली, आणि तशीच ती वारसा हक्काने मुलींकडेही गेली. व्ह्यूपाँ घराण्यात मुलीच उरल्या तेव्हा विवाहसंबंधाने ती क्लिफर्ड घराण्यात आली आणि तेथे सुमारे चार शतके राहिली.

याच घराण्यातील लेडी ॲन क्लिफर्ड हिच्यामुळे हे पद आजही लोकांच्या लक्षात आहे. तिचा जन्म १५९० चा. १६०५ मध्ये वडील वारले तेव्हा त्यांनी सारी मालमत्ता मुलीऐवजी भावाच्या नावे केली असल्याचे उघड झाले. जुन्या दानपत्रांनुसार वारसा आपल्याकडे यायला हवा, असा तिचा दावा होता आणि तो तिने न्यायालयांपुढे, दोन नवऱ्यांपुढे आणि खुद्द राजा पहिला जेम्स याच्यापुढेही सोडला नाही. अखेर १६४३ मध्ये चुलत भाऊ मागे मुलगा न ठेवता वारला आणि सारे तिच्याकडे आले. राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्ध निवल्यावर, १६४९ मध्ये, साठीला टेकलेली ही बाई उत्तरेला गेली. ॲपलबी, ब्रूम, ब्रॉ आणि पेंड्रॅगन हे पडझड झालेले किल्ले तिने दुरुस्त करून घेतले, ॲपलबीत गरीब विधवांसाठी आश्रयगृह बांधले, आणि १६७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत शेरीफपदाचे हक्क हाताखालच्या माणसांमार्फत बजावले. कुळांकडून येणे असलेली क्षुल्लक रक्कमही ती हक्क म्हणून कोर्टात जाऊन वसूल करी, त्यामुळे तिच्या दानशूरपणाच्या गोष्टी सांगताना ही बाजूही सांगायला हवी. तिच्यानंतर पद थॅनेटच्या उमरावांकडे गेले. १८४९ मध्ये शेवटचा थॅनेट उमराव वारला आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून हे शेरीफपद राजसत्तेकडे घेतले. रेल्वे शॅपच्या घाटातून धावू लागली होती, तेव्हाही या काउंटीचा शेरीफ जन्माने ठरत होता!

उमरावांच्या या जगाखाली गावपातळीवर एक निराळीच व्यवस्था होती, आणि माझ्या मते वेस्टमोरलंडचे खरे स्थानिक स्वराज्य तेथेच शोधायला हवे. इंग्लंडमध्ये चर्चच्या आधिपत्याखालील क्षेत्राला पॅरिश म्हणतात. १६०१ च्या गरीब-कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतील निराधारांना पोसण्याची आणि त्यासाठी रहिवाशांकडून पट्टी वसूल करण्याची जबाबदारी टाकली. दक्षिणेत एक गाव म्हणजे एक पॅरिश असे साधे गणित होते. उत्तरेकडे वस्ती विरळ असल्याने एकेका पॅरिशमध्ये डोंगराआडच्या कितीतरी वाड्या येत. एकट्या केंडल पॅरिशमध्ये वीसहून अधिक होत्या. डोंगरापलीकडील म्हाताऱ्याला काय हवे, हे केंडलच्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाला कळणार कसे? म्हणून १६६२ च्या कायद्याने वेस्टमोरलंडसह उत्तरेकडील काउंट्यांची नावे घेऊन तेथील प्रत्येक वाडीला, म्हणजे ‘टाउनशिप’ला, आपल्या गरिबांची व्यवस्था स्वतंत्रपणे करण्याची मुभा दिली. वाडीने आपला पट्टी गोळा करणारा नेमायचा, आपला रस्ता राखणारा नेमायचा, आपला पोलीस नेमायचा, आणि ही कामे बहुधा घरांच्या पाळीने आळीपाळीने करायची.

हे चालू शकले त्यामागे जमिनीच्या हक्काचे कारण होते. येथील लहान शेतकऱ्यांना ‘स्टेट्समन’ म्हणत. स्कॉटिश हल्ल्यांच्या काळात सीमेवर हत्यार घेऊन उभे राहण्याच्या अटीवर त्यांना जमिनी वंशपरंपरेने कसण्याचा रिवाजी हक्क मिळाला होता. १६०३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच राजाखाली आले. सीमाच उरली नाही, तेव्हा तो हक्कही संपला, असे पहिल्या जेम्सने आणि जमीनदारांनी म्हणायला सुरुवात केली. केंडल भागातील शेतकऱ्यांनी सभा घेतल्या, वर्गणी काढली आणि खटला लढवला, आणि १६२५ मध्ये स्टार चेंबर या न्यायपीठाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. हत्यार उचलण्याच्या अटीपासून हक्क मोकळा झाला. आपल्या जमिनीवर बऱ्यापैकी निर्धास्त असलेला हा वर्ग पुढे दोनशे वर्षे वाडीची कामे पाहत राहिला.

काउंटीच्या पातळीवर मात्र अठराव्या शतकापासून लाउदर घराण्याचा शब्द चालत असे. लॉर्ड-लेफ्टनंटचे पद त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. ॲपलबी या लहानशा गावाला संसदेत दोन जागा होत्या आणि त्या मोठ्या घराण्यांच्या खिशात होत्या. पुढे पंतप्रधान झालेला धाकटा विल्यम पिट १७८१ मध्ये संसदेत पहिल्यांदा आला, तो सर जेम्स लाउदरच्या कृपेने मिळालेल्या ॲपलबीच्या जागेवरूनच. संपूर्ण काउंटीच्या दोन जागांसाठी तर कित्येक वर्षे मतदानच झाले नव्हते. १८१८ मध्ये हेन्री ब्रूम या सुधारकी वकिलाने लाउदर बंधूंविरुद्ध उभे राहून ती प्रथा मोडली. कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ तेव्हा लाउदरांच्या बाजूने प्रचारात उतरला होता. १८१३ पासून तो वेस्टमोरलंडचा मुद्रांक-वितरक, म्हणजे सरकारी मुद्रांकांच्या विक्रीवर दलाली मिळवणारा अधिकारी होता, आणि ही नेमणूक त्याला लाउदर घराण्यातील लॉर्ड लॉन्सडेलच्या वजनाने मिळाली होती. त्याच निवडणुकीच्या धामधुमीत लाउदर पक्षाने केंडलला ‘वेस्टमोरलंड गॅझेट’ हे वृत्तपत्र काढले. ब्रूम १८१८, १८२० आणि १८२६ अशा तिन्ही वेळा हरला. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ॲपलबीच्या दोन्ही जागा गेल्या.

त्यानंतर वाड्यांचीही सत्ता गेली. १८३४ च्या नव्या गरीब-कायद्याने वाड्यांचे गट करून ‘युनियन’ बनवल्या आणि निराधारांना घरपोच मदत देण्याऐवजी कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या ‘वर्कहाउस’मध्ये ठेवण्याचे धोरण आणले. वेस्टमोरलंडमध्ये ईस्ट वॉर्ड, वेस्ट वॉर्ड आणि केंडल अशा तीन युनियन झाल्या. नावांवरूनच दिसते की जुन्या सरदारक्यांची रेषा येथेही पाळली गेली. पोलीस दलाच्या बाबतीत तर काउंटी एकटीने उभी राहिलीच नाही. १८५६ पासून शेजारच्या कम्बरलंडबरोबर संयुक्त दल उभारले गेले. स्वतःची पोलीस चौकी चालवायलाही जिला भागीदार लागतो, तिच्याकडून पुढे शाळा आणि रस्ते चालवण्याची अपेक्षा केली गेली, हे येथे नोंदवून ठेवावे.

१८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने काउंट्यांना निवडून आलेल्या परिषदा दिल्या आणि त्या १८८९ मध्ये कामाला लागल्या. दंडाधिकाऱ्यांकडे न्यायदान राहिले. पूल, मुख्य रस्ते आणि हिशेब परिषदेकडे आले. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे सुरू झाली होती, म्हणजे काही जागांसाठी का होईना, आपल्याकडच्या जिल्ह्यात निवडणूक वेस्टमोरलंडच्या आधी पोहोचली. फरक असा की आपल्याकडे अध्यक्षपद प्रायः कलेक्टरकडे होते, आणि वेस्टमोरलंडमध्ये बहुतेक ठिकाणी कालपर्यंतचे दंडाधिकारीच आता मते मागून परिषदेत येऊन बसले. करपट्टी भरणाऱ्या अविवाहित स्त्रियांना आणि विधवांना या निवडणुकीत मत होते, पण परिषदेत बसण्याचा हक्क स्त्रियांना १९०७ मध्ये मिळाला. सतराव्या शतकात ज्या काउंटीची शेरीफ एक स्त्री होती, तेथेही तो आधी मिळाला नाही. परिषदेचे मुख्यालय केंडलला झाले. ॲपलबीकडे मुख्य गावाचा मान तेवढा उरला. १९२६ मध्ये परिषदेने घेतलेल्या मानचिन्हातही दोन्ही बाजू सांभाळलेल्या दिसतात: दोन लाल पट्टे केंडलच्या सरदारकीचे आणि सफरचंदाचे झाड ॲपलबीचे.

परिषदेची कामे दर दशकात वाढत गेली. १९०२ च्या कायद्याने शाळा आल्या, १९३० मध्ये गरीब-कायद्याची मंडळे संपली आणि त्यांचे कामही आले. तिच्या खाली १८९४ च्या कायद्याने शहरी आणि ग्रामीण जिल्हा परिषदांचा एक थर तयार झाला होता. १९३५ मध्ये त्यांची छाटणी होऊन केंडल आणि ॲपलबी ही दोन सनदी नगरे, विंडरमिअर आणि लेक्स हे दोन शहरी जिल्हे आणि उत्तर व दक्षिण वेस्टमोरलंड हे दोन ग्रामीण जिल्हे उरले. लेक्स या ‘शहरी’ जिल्ह्याचे क्षेत्र जवळपास ५० हजार एकर होते आणि त्यातला बहुतेक भाग कडे, तळी आणि मेंढ्यांनी व्यापलेला होता.

खर्चाचे गणित मात्र जुळत नव्हते, आणि वेस्टमोरलंडचे पुढे काय झाले याचे उत्तर बरेचसे येथे आहे. इंग्लंडमधील स्थानिक कर स्थावर मालमत्तेच्या भाड्याच्या अंदाजी किमतीवर, पौंडामागे इतके पेन्स असा बसवला जाई. ज्या काउंटीत गिरण्या, गोद्या आणि दाट घरे होती, तिला एका पेनीच्या दरातून भरघोस रक्कम मिळे; वेस्टमोरलंडमध्ये तोच दर लावून फार थोडे हाती येई. त्यात १८९६ मध्ये शेतजमिनीवरील कर निम्मा झाला आणि १९२९ च्या कायद्याने तो पूर्णच माफ झाला. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण जेथे कुरणांखेरीज मोठी मालमत्ता नव्हती तेथे परिषदेचा करपायाच आकसला आणि लंडनहून येणाऱ्या अनुदानावर भिस्त वाढली. खर्च मात्र माणसांच्या संख्येनुसार घटत नाही. वीस मुलांच्या शाळेलाही शिक्षक आणि छप्पर लागते, आणि शॅपच्या रस्त्यावरचे बर्फ पलीकडे किती लोक राहतात हे पाहून पडत नाही.

मोठे निर्णय तर काउंटीच्या हातात नव्हतेच. मँचेस्टर महापालिकेने १९१९ मध्ये संसदेकडून कायदा करून घेतला आणि हॉजवॉटर तळ्यावर धरण बांधून मार्डेल हे गाव पाण्याखाली घातले. गावच्या चर्चमधील शेवटची प्रार्थना १९३५ च्या ऑगस्टमध्ये झाली आणि दफनभूमीतील अवशेष उकरून प्रामुख्याने शॅपला पुरण्यात आले. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा काउंटीच्या मोठ्या भागातील बांधकाम-परवानग्या तीन काउंट्यांच्या संयुक्त नियोजन मंडळाकडे गेल्या.

१९६९ मध्ये रेडक्लिफ-मॉड आयोगाने साऱ्या इंग्लंडच्या स्थानिक शासनाची नवी मांडणी सुचवली. तिच्यात उत्तर वेस्टमोरलंड कम्बरलंडला आणि दक्षिण वेस्टमोरलंड फर्नेस व उत्तर लँकेशायरला जोडले जाणार होते, म्हणजे शॅपच्या डोंगरावर पुन्हा तीच तेराव्या शतकाआधीची रेषा आखली जाणार होती. ती योजना बारगळली. १९७२ च्या कायद्याने त्याऐवजी कम्बरलंड, वेस्टमोरलंड, लँकेशायरचा फर्नेस भाग आणि यॉर्कशायरचा सेडबर्गजवळचा तुकडा एकत्र करून कम्ब्रिया घडवली आणि तिचे मुख्यालय कार्लाइलला ठेवले. वेस्टमोरलंड तिच्या पोटातील दोन जिल्ह्यांत वाटले गेले: उत्तर भाग ईडनमध्ये आणि दक्षिण भाग साउथ लेकलंडमध्ये. विरोध झाला, पण आजूबाजूच्या काही काउंट्यांइतका तो टोकाला गेला नाही. ॲपलबीने आपल्या परीने उत्तर दिले आणि स्वतःचे अधिकृत नाव ‘ॲपलबी-इन-वेस्टमोरलंड’ असे करून घेतले.

पन्नास वर्षे पुरी होण्याआधीच कम्ब्रियाही अवजड ठरली. काउंटी परिषद आणि तिच्याखालील सहा जिल्हा परिषदा असे दोन थर खर्चिक आणि गोंधळाचे आहेत, असे ठरवून सरकारने २०२१ मध्ये त्या जागी दोन एकस्तरीय परिषदा नेमण्याचा निर्णय घेतला. पश्चिमेची कम्बरलंड आणि पूर्व-दक्षिणेची ‘वेस्टमोरलंड अँड फर्नेस’. निवडणुका मे २०२२ मध्ये झाल्या आणि पुढच्या एप्रिलपासून शाळा, रस्ते, कचरा, घरबांधणी हे सारे एकाच छताखाली आले. नव्या परिषदेच्या हद्दीत जुने वेस्टमोरलंड सबंध आहे, पण त्याबरोबर एकेकाळी कम्बरलंडमध्ये असलेले पेन्रिथ आणि अल्स्टन, लँकेशायरचे पाणबुड्या बांधणारे बॅरो आणि यॉर्कशायरचे सेडबर्गही आहे. एकूण वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे १९७१ च्या वेस्टमोरलंडच्या तिप्पट. लॉर्ड-लेफ्टनंट अजूनही कम्ब्रियाचाच नेमला जातो, पोलीस दलाचे नावही कम्ब्रियाच आहे, आणि शॅपच्या रस्त्यावरचे बर्फ हटवण्याचे काम आता नव्या परिषदेकडे आहे.